कोनिग्सबर्गचे पूल आणि माझी एटीकेटी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा मावशीने फोनवर विचारलं, "ब्लॉग बंद पडला का रे?" बंद नाही पडला, मावशी. एका गणितात अडकलो होतो. खरंच सांगतो.

झालं असं. दोन आठवड्यांपूर्वी रात्री साडेदहाला भाचीचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "मामा, डिपेंडंट सोर्स बंद का नाही करायचा?"

ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेत एक ट्रान्झिस्टर दिला होता, त्याच्या एमिटरला १००० ओहमचा रेझिस्टर, आणि एमिटरकडून आत बघितलं तर किती रेझिस्टन्स दिसतो ते विचारलं होतं. तिने उत्तर लिहिलं १०००. बरोबर उत्तर २४.४. आठपैकी शून्य. कारण विचारायला गेली तर "तो नियम आहे, पाठ कर" असं उत्तर मिळालं.

आता गंमत अशी, की १९९१ साली मी अगदी हीच चूक केली होती. हेच १००० लिहिलं होतं, आणि त्या पेपरला माझी एटीकेटी लागली होती. (हे बाबांना मी तीन महिने सांगितलं नव्हतं. आता ब्लॉगवर लिहितोय म्हणजे आईला आज कळेल. असो.) पुढच्या खेपेला मी तो नियम पाठ केला, पेपर सुटला, आणि त्यानंतर सगळी नोकरी मी "का" हा प्रश्न न विचारता काढली. त्यामुळे फोनवर मी काय बोललो असेन? "अगं, तो नियमच आहे."

पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "तू पण?" आणि थोड्या वेळाने, "मला वाटतं मी चुकीच्या ब्रँचला आलेय."

हे दुसरं वाक्य मला झोपू देईना. म्हणून गेले दोन आठवडे जुनी पुस्तकं काढून बसलो होतो. उत्तर सापडलं, पण ते सापडलं इतिहासात. तेच आज लिहितोय.

आधी नातेवाईक मंडळींसाठी थोडंसं. बॅटरी ही स्वतंत्र वस्तू आहे. तिचे दीड व्होल्ट म्हणजे दीड व्होल्ट, शेजारी काय चाललंय याच्याशी तिला कर्तव्य नाही. डिपेंडंट सोर्स हा त्याच्या उलट: तो किती करंट देणार हे सर्किटमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी जागेवर काय व्होल्टेज आहे त्यावर ठरतं. नळाची चावी आठवा. हाताचा हलकासा जोर, आणि केवढा तरी पाण्याचा लोट. पण पाणी कधी उलटं येऊन हात फिरवत नाही. ट्रान्झिस्टर हा साधारण असा नळ आहे.

आणि नियम काय आहे? सर्किटच्या एखाद्या जागेतून आत बघितलं तर किती रेझिस्टन्स दिसतो हे काढायचं, तर सगळे सोर्स बंद करायचे आणि उरेल ते मोजायचं. फक्त डिपेंडंट सोर्स बंद करायचे नाहीत. भाचीने आणि मी तोही बंद केला. तो बंद केला की ट्रान्झिस्टरच गायब होतो आणि बिचारा १००० ओहमचा रेझिस्टर एकटा उरतो.

आता कोनिग्सबर्गला जाऊ. त्या काळी हे प्रशियातलं गाव, आज रशियात आहे आणि नाव कालिनिनग्राद. गावातून प्रेगेल नदी वाहते, नदीत बेट, आणि सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरून येता येईल का, हा गावकऱ्यांचा आवडता प्रश्न. १७३६ मध्ये ऑयलरने सिद्ध केलं की नाही येणार. जमिनीचे चार तुकडे, प्रत्येकाला लागलेल्या पुलांची संख्या विषम, त्यामुळे अशक्य. पूल किती लांब, नदी किती रुंद, याला काही अर्थ नाही. कोण कोणाला जोडलंय एवढंच महत्त्वाचं. ग्राफ थिअरीची सुरुवात इथून धरतात. (ऑयलरने स्वतः ते प्रसिद्ध ठिपके आणि रेघांचं चित्र काढलंच नव्हतं. ते दीडेकशे वर्षांनी दुसऱ्यांनी काढलं.)

आणि याच कोनिग्सबर्गमध्ये १८२४ साली गुस्ताव किरखॉफ जन्मला. हे मला माहीतच नव्हतं! आम्ही ज्याला 'केसीएल-केव्हीएल' म्हणून दोन ओळींत संपवलं, तो माणूस त्याच सात पुलांच्या गावचा. तिथल्याच विद्यापीठात फ्रान्झ नॉयमानकडे शिकत असताना, १८४५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने ते दोन नियम मांडले. एका जागी जेवढा करंट येतो तेवढाच जातो. आणि बंद वाटेने फिरून परत आलं की व्होल्टेजची बेरीज जमते. एकविसाव्या वर्षी मी काय करत होतो ते वर आलंच आहे.

पण माझ्या दृष्टीने खरी मौज १८४७ च्या लेखात आहे, जो आम्हाला कुणी शिकवलाच नाही. नियम दोन आहेत, पण समीकरणं किती लिहायची? जास्त लिहिली तर तीच तीच येतात, कमी लिहिली तर उत्तर निघत नाही. किरखॉफने तारांच्या जाळ्याकडे बघितलं आणि विचारलं: कोणत्या तारा काढल्या की एकही बंद वाट उरणार नाही? अशा तारा काढून जे उरतं, म्हणजे सगळ्या जागा जोडलेल्या पण वळसा कुठेच नाही, त्याला आज 'ट्री' म्हणतात, झाड. (हे नाव केलीने दहा वर्षांनी, १८५७ मध्ये दिलं.) किरखॉफने दाखवलं की जाळ्यातली अशी सगळी झाडं शोधली की समीकरणं न सोडवताच उत्तर लिहिता येतं.

पटत नसेल तर कागद घ्या. तीन ठिपके, तीन रेघा, त्रिकोण. प्रत्येक रेघ १ ओहम. एक रेघ काढली की झाड उरतं, म्हणजे झाडं तीन. आता वरच्या दोन ठिपक्यांमधला रेझिस्टन्स हवाय. असं किती प्रकारे करता येईल की एकच रेघ ठेवली, आणि ते दोन ठिपके एकमेकांपासून तुटलेलेच राहिले? दोन प्रकारे, कारण त्यांना थेट जोडणारी रेघ सोडून बाकीच्या दोनपैकी कुठलीही एक चालते. दोन भागिले तीन. उत्तर २/३ ओहम. आता नेहमीच्या पद्धतीने करा: एका बाजूने १ ओहम, दुसऱ्या बाजूने २ ओहम, पॅरलल. २/३ च येतं. मी हे रात्री बाराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलं आणि बायकोला उठवून दाखवावंसं वाटलं. उठवलं नाही. तेवढी अक्कल आहे.

आता किरखॉफच्या या सुंदर झाडांमागे एक गृहीत लपलेलं आहे. ते त्याने लपवलं नव्हतं, त्याच्या जगात त्याच्यापलीकडे काही नव्हतंच. तारेला दिशा नसते. इकडून तिकडे जेवढा विरोध, तिकडून इकडे तेवढाच. बॅटरी इथे आणि मीटर तिथे ठेवा, किंवा त्यांची अदलाबदल करा, मीटर तोच आकडा दाखवतो. रस्ता दुतर्फा आहे.

सोर्स बंद करून आत बघण्याचा आमचा तो नियम याच जगातला. तो हेल्महोल्ट्झने १८५३ मध्ये मांडला. मग फ्रान्समधल्या तारखात्यातला इंजिनिअर लेओं शार्ल तेव्हनाँ याने १८८३ मध्ये तो स्वतंत्रपणे पुन्हा मांडला आणि त्याच्याच नावाने आमच्या माथी बसला: थेवेनिन! (आमच्या वर्गात त्याचा उच्चार ऐकून त्याने फ्रेंचमध्ये काय म्हटलं असतं कोण जाणे.) तारायंत्राच्या जगात काय होतं? बॅटऱ्या, तारा, रेझिस्टन्स. तिथे "सगळे सोर्स बंद करा" हे वाक्य अगदी पूर्ण होतं. अपवाद लिहायचा तर कशाचा लिहायचा? परावलंबी सोर्स नावाचा प्राणी तेव्हा सर्किटच्या सिद्धांतात नव्हताच.

म्हणजे भाचीने आणि मी जे उत्तर लिहिलं ते १८८३ सालचं होतं. हे लक्षात आलं तेव्हा मला एकदम बरं वाटलं :)

तो प्राणी आला १९०६ मध्ये. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने काचेच्या नळीत तापलेली तार आणि पत्रा यांच्यामध्ये तिसरा भाग घातला, ग्रिड. ग्रिडवरचं व्होल्टेज जरासं हललं की पत्र्याकडे जाणारा करंट कितीतरी हलतो. उलट दिशेने जवळजवळ काहीच नाही. आमच्या वाड्यातल्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बाबा तो मागून उघडायचे तेव्हा आतला नारिंगी उजेड बघायला आम्ही भावंडं भांडायचो. ती सगळी एकतर्फी माणसं होती हे तेव्हा कुठे माहीत होतं!

इंजिनिअर लोकांनी या नळीचं चित्र कागदावर काढताना एक युक्ती केली. बॅटरी काढली, पण तिच्या शेजारी आकडा लिहायच्या जागी लिहिलं: ग्रिडवर जे व्होल्टेज असेल त्याच्या इतके पट. झाला डिपेंडंट सोर्स. दिसायला बॅटरी, वागायला नोकर. गोंधळ तिथेच सुरू झाला असं माझं मत आहे. चिन्ह बॅटरीसारखं काढलं म्हणून पोरं तिला बॅटरी समजतात. (आता पुस्तकांत गोलाऐवजी चौकट तिरकी करून काढतात. त्याने फारसा फरक पडलेला दिसत नाही, भाचीच्या पेपरात तिरकी चौकटच होती.)

मग आला वळसा. २ ऑगस्ट १९२७ ची सकाळ. बेल लॅबोरेटरीजमधला हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर निघाला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोनचे अँप्लिफायर त्याला छळत होते. व्हॉल्व्ह जुना झाला की अँप्लिफिकेशन बदलायचं, आवाज बिघडायचा, आणि असे कितीतरी अँप्लिफायर एकापुढे एक लावायचे असायचे. बोटीवर त्याला सुचलं की बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत घालावा. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता, त्याच्या पानावर त्याने आकृती आणि समीकरणं लिहून काढली. पेटंटचा अर्ज १९२८ चा, पेटंट मिळालं १९३७ च्या डिसेंबरात. इतकी वर्षं का लागली, तर मोठ्या कष्टाने मिळवलेलं अँप्लिफिकेशन हा माणूस मुद्दाम फेकून देतोय हेच कुणाच्या पचनी पडेना.

आकड्यांत बघा. अँप्लिफायर १०,००० पट करतो, आणि बाहेरचा शंभरावा भाग उलटा परत येतो. एकूण: १०,००० भागिले (१ + १००), म्हणजे ९९. आता व्हॉल्व्ह म्हातारा झाला, १०,००० चे ५,००० राहिले. ५,००० भागिले (१ + ५०), म्हणजे ९८. नळीची निम्मी ताकद गेली आणि बाहेर जेमतेम एक टक्का फरक!

त्या भागाकाराच्या खाली बसलेल्या "१ + काहीतरी" कडे लक्ष ठेवा. सगळी गोष्ट त्याचीच आहे.

यानंतर सर्किटं वळशांनी भरून गेली. वळशात वळसा, त्यात तिसरा. नायक्विस्टने १९३२ मध्ये आणि बोडेने १९४५ मध्ये त्यांचं गणित बसवलं, पण किरखॉफची झाडं इथे जशीच्या तशी चालेनात, कारण रस्ते आता एकेरी झाले होते. ग्राफवर बाण हवे होते.

हे बाण पहिल्यांदा नेमके कोणी काढले यात एक चटका लावणारा तपशील आहे. क्लॉड शॅननने जानेवारी १९४२ मध्ये युद्धकामासाठी एक अहवाल लिहिला. विषय होता समीकरणं सोडवणारी यंत्रं. त्यात, एकमेकांत गुंतलेले वळसे असलेल्या यंत्रात आत घातलेल्याचं बाहेर काय होऊन येतं याचं सूत्र होतं. अहवाल युद्धाच्या कागदांत राहिला. छापील रूपात तो सर्वांसमोर आला तो १९९३ च्या संकलित लेखांत. तोपर्यंत मी पास होऊन नोकरीलाही लागलो होतो.

मधल्या काळात एमआयटीमध्ये सॅम्युएल मेसन याने तेच सूत्र स्वतःच्या वाटेने शोधलं. १९२१ चा जन्म, युद्धात रडारच्या प्रयोगशाळेत अँटेनावर काम, मग डॉक्टरेट. १९५३ च्या लेखात त्याने 'सिग्नल फ्लो ग्राफ' मांडला आणि १९५६ च्या लेखात ते सूत्र दिलं. आज ते मेसनच्या नावाने ओळखलं जातं. मला विचाराल तर नाव योग्य माणसाकडे गेलंय. शॅननला ते एका यंत्रासाठी हवं होतं. मेसनला ते हवं होतं सर्किट समजून घेण्यासाठी, आणि त्याने ते असं लिहिलं की कुणालाही पेन्सिलने करता यावं. पुढे हाच मेसन आंधळ्यांना छापील मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रांवर काम करत होता. १९७४ मध्ये तो वारला.

पद्धत अशी. सर्किटमधल्या प्रत्येक राशीसाठी एक टिंब काढायचं. एक राशी दुसरीला घडवत असेल तर बाण काढायचा, आणि बाणावर लिहायचं किती पट. बस. आता आमच्या २४.४ कडे येऊ. एमिटरमध्ये बाहेरून करंट घातला, हे पहिलं टिंब. त्याने १००० ओहमवर एमिटरचं व्होल्टेज तयार होतं, हे दुसरं. बाणावर १०००. एमिटर वर गेला की बेस-एमिटरमधलं व्होल्टेज तेवढंच खाली जातं, हे तिसरं. बाणावर उणे १. त्या व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर आपला करंट ठरवतो, हे चौथं. १ मिलिअँपिअरवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला व्होल्टमागे ४० मिलिअँपिअर, म्हणजे बाणावर ०.०४. आणि हा करंट पुन्हा त्याच १००० ओहममध्ये शिरतो, म्हणजे चौथ्यापासून परत दुसऱ्याकडे बाण, १०००. झाला वळसा.

वळशावरचे आकडे गुणा: उणे १ × ०.०४ × १०००, उणे ४०. मेसन म्हणतो, सरळ वाटेचा गुणाकार वर लिहा, आणि खाली एकातून वळसा वजा करा. १००० भागिले (१ + ४०). २४.४.

ब्लॅकच्या बोटीवरचा "१ + काहीतरी" तोच हा.

(वळसे जास्त असले तर खाली एकातून सगळे वळसे वजा करायचे, मग एकमेकांना न शिवणाऱ्या वळशांच्या जोड्यांचे गुणाकार मिळवायचे, मग तिघांचे वजा, असं पुढे. वरच्या प्रत्येक वाटेलाही तिला न शिवणाऱ्या वळशांचा असाच हिशोब जोडायचा. आपल्या सर्किटात एकच वळसा आहे आणि वाट त्याला शिवते, म्हणून सुटलो.)

आणि आता बघा, भाचीच्या "का"चं उत्तर चित्रात समोर दिसतं. बाहेरचा सोर्स म्हणजे असं टिंब ज्याच्यातून बाण फक्त बाहेर जातात, आत एकही येत नाही. ते पुसलं तर बाकीचं चित्र जसंच्या तसं राहतं. डिपेंडंट सोर्स हे टिंब नाहीच! तो मधला बाण आहे, ०.०४ लिहिलेला. तो पुसला तर वळसा तुटतो, खालचे ४० जातात, आणि वर उरतात १०००. आम्ही दोघांनी हेच केलं होतं. बॅटरी बंद करतोय असं समजून आम्ही बोर्डावरचा ट्रान्झिस्टरच उपटून काढला होता.

तीस-पस्तीस वर्षं! आणि राग याचा येतो, की मेसनचं सूत्र मला येत होतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला दरवर्षी ते यायचं, हमखास दहा मार्क. चौकोन आणि बाणांचं जंगल द्यायचे आणि आम्ही यंत्रासारखे वळसे मोजायचो. पण ते एका विषयात, सर्किट दुसऱ्या विषयात, दोघांचे सर वेगळे, वह्या वेगळ्या. मेसनने ते अँप्लिफायरसाठी काढलं होतं हे त्याच्या लेखांच्या नावातच आहे, "फीडबॅक थिअरी". आमच्यापर्यंत येईतो त्यातला फीडबॅक एका वहीत राहिला आणि थिअरी दुसऱ्या.

एक छोटं आडवळण. १९४० मध्ये केंब्रिजच्या चार विद्यार्थ्यांनी आयताचे सगळे वेगवेगळ्या मापांचे चौरस तुकडे करण्याचं कोडं किरखॉफच्या सर्किटांनी सोडवलं. चौरसांना तारा मानलं, आणि झालं. त्यातला एक होता विल्यम टट, जो पुढे ब्लेचली पार्कमध्ये जर्मन लॉरेन्झ यंत्राचं कुलूप फोडणाऱ्यांत होता. १९४८ मध्ये त्याला तेच कोडं समभुज त्रिकोणांसाठी सोडवायचं होतं. तिथे साधी वीज पुरेना, एकेरी रस्त्यांची वीज कल्पावी लागली. म्हणून त्याने किरखॉफच्या झाडांना बाण लावले, प्रत्येक झाडाला मूळ दिलं आणि मोजणी पुन्हा बसवली. त्याला व्हॉल्व्हशी काही घेणंदेणं नव्हतं. त्रिकोण कापता कापता तो गडी आमच्याच दारात येऊन उभा राहिला.

अँप्लिफायरवाल्यांनीही झाडं सोडली नव्हती. १९५० च्या दशकात पर्सिव्हल, मायेदा, कोट्स, सुंदरम शेषू अशा मंडळींनी डिपेंडंट सोर्ससाठी झाडांची पद्धत बसवली. त्यातली एक फार सुबक आहे. एकाच सर्किटचे दोन ग्राफ काढायचे, एक व्होल्टेजचा आणि एक करंटचा. डिपेंडंट सोर्स पहिल्या ग्राफात जिथून हुकूम घेतो तिथे बसतो आणि दुसऱ्यात जिथे काम करतो तिथे. मग दोन्हींकडे झाड ठरतील असेच संच मोजायचे, चिन्हं सांभाळून. आमच्या सर्किटात अशी दोनच झाडं निघतात, एक ०.००१ चं आणि एक ०.०४ चं. बेरीज ०.०४१, आणि १ भागिले ०.०४१ पुन्हा २४.४. शेषू आणि रीड यांचं या विषयावरचं पुस्तक १९६१ मध्ये आलं.

मग ही झाडं अभ्यासक्रमातून मागे का पडली? कारण ती फार माजतात. दहा टिंबं घ्या, प्रत्येक प्रत्येकाला जोडा, झाडं होतात १० चा आठवा घात. दहा कोटी! दहा टिंबांना. १९७३ मध्ये बर्कलीहून 'स्पाइस' आला, नेगल आणि पेडरसन यांचा, आणि त्याने झाडं वगैरे न मोजता सरळ समीकरणांचा कोठा मांडून तो सोडवायला घेतला. १९७५ मध्ये आयबीएमच्या हो, रुएली आणि ब्रेनन यांनी कोठा मांडण्याची जी पद्धत दिली तिच्यात चारही तऱ्हेचे डिपेंडंट सोर्स मुकाट्याने बसतात. स्पाइसमध्ये त्यांना अक्षरंच नेमलेली आहेत: ई, एफ, जी, एच. कंपनीत मी ही अक्षरं हजारदा टाइप केली असतील. दाबलं बटण, आलं २४.३९. यंत्राने कधी विचारलं नाही, आणि मीही नाही.

झाडं मेली मात्र नाहीत. आपल्या पवईच्या आयआयटीतल्या एच. नारायणन यांचं 'सबमॉड्युलर फंक्शन्स अँड इलेक्ट्रिकल नेटवर्क्स' हे जाडजूड पुस्तक १९९७ चं आहे. मोठ्या सर्किटचे तुकडे कसे पाडावेत, जोडणीचा विचार आकड्यांच्या विचारापासून वेगळा कसा ठेवावा, असे प्रश्न. मी ते उघडलं आणि वीस पानांत मिटलं. पण किरखॉफचा तो "कोण कोणाला जोडलंय" एवढाच प्रश्न दीडशे वर्षांनी मुंबईत कुणीतरी विचारत होतं, हे बघून बरं वाटलं.

गेल्या रविवारी भाचीला चार टिंबांचं चित्र काढून फोटो पाठवला. सोबत एकच ओळ, "सोर्स म्हणजे टिंब, डिपेंडंट सोर्स म्हणजे बाण." आणि खाली, "आपण दोघांनी १८८३ चं उत्तर लिहिलंय."

दिवसभर काही नाही. ब्रँच बदलायचा अर्ज वगैरे लिहीत बसली की काय, असं मनात येऊन गेलं. ताईला फोन करणार होतो, पण धीर धरला. रात्री अकराला तिचा फोटो आला. माझंच चित्र, तिच्या अक्षरात, आणि त्यात एक जास्तीचा बाण, दुसऱ्या टिंबापासून निघून वळून पुन्हा दुसऱ्याच टिंबात शिरणारा. त्यावर लिहिलेलं: उणे ०.४.

"मामा, तू बेसचा करंट विसरलास. बीटा १०० धरला तर अजून एक लूप येतो. दोन्ही एकमेकांना शिवतात म्हणून नुसती बेरीज. खाली ४१.४. उत्तर २४.१५."

तपासलं. बरोबर आहे.